दोन रुपयांचे निर्माते



सुट्टीपूर्वी आम्ही नववी-दहावीच्या वर्गांना 'मंथन' हा चित्रपट दाखविला. तो संपताच मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "सर, हा हिट झाला होता का?" प्रश्न साधा होता, पण एका शब्दात उत्तर देणे आम्हाला जमले नाही. म्हणून हा पाठ.

समाजाचे वास्तव मांडणाऱ्या चित्रपटाची पहिली अडचण म्हणजे पैसा. श्याम बेनेगल यांनी दुग्धविकासावर आधी माहितीपट केले होते. परंतु माहितीपट बहुधा तेच लोक पाहतात, ज्यांना विषय आधीच पटलेला असतो. म्हणून त्यांना कथाचित्रपट करायचा होता. पैशाचा मार्ग आपल्या बडोद्याशेजारच्या आणंदच्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी सुचविला. गुजरातच्या सहकारी दूध संस्थांच्या 5 लाख शेतकऱ्यांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी 2 रुपये दिले. 10 लाख रुपये उभे राहिले. चित्रपटाच्या आरंभी निर्माते म्हणून या शेतकऱ्यांचाच उल्लेख आहे.

दुसरी गोष्ट निर्मितीची. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचे. चित्रीकरण स्टुडिओत न करता राजकोटजवळच्या सांगणवा गावात झाले. भोलाची भूमिका करणारे नसीरुद्दीन शाह झोपडीत राहिले आणि म्हशीचे दूध काढायला शिकले. पडद्यावर गाव खरे वाटते, ते यामुळे. कथेत डॉ. राव गावात दूध सोसायटी उभारायला येतात. खासगी डेअरीवाला, सरपंच आणि जातिभेद त्यांच्या आड येतात. अखेर रावांना गाव सोडावे लागते, पण भोला सोसायटी सोडत नाही.

तिसरी गोष्ट प्रसाराची. 1976 साली चित्रपट लागला, तेव्हा खेड्यापाड्यांतून शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा पाहायला आले. ज्याने 2 रुपये घातले, तोच प्रेक्षक झाला आणि तोच प्रचारक. पुढे चित्रपटाच्या 16 मि.मी. प्रती इतर राज्यांतील गावांत नेऊन दाखविल्या गेल्या. तो पाहून लोकांना सहकार समजावा, हा हेतू.

आता यशाचे बोलू. 'मंथन'ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि तेंडुलकरांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भारतातर्फे तो ऑस्करसाठीही पाठविला गेला. 2024 साली त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखविली गेली. तरीही आमच्या मते खरे यश वेगळे आहे. ज्यांच्यावर चित्रपट होता, त्यांनी तो आपला मानला. गल्ला मोजता येतो, हे आपलेपण मोजता येत नाही.

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. शाळेचे यशही आपण दरवर्षी निकालाच्या टक्क्यांनीच मोजतो. आम्हीही त्यात आलो. परंतु डॉ. राव गेल्यावर सोसायटी चालवणारा एक तरी भोला आपल्या वर्गातून निघतो का, हेही कधी विचारू या.

स्वाध्याय :
1. डॉ. राव गावातच राहिले असते, तर शेवट अधिक चांगला झाला असता का? कारणे द्या.
2. 5 लाख लोकांकडून 2 रुपये घेणे आणि एकाच धनिकाकडून 10 लाख घेणे, यांत फरक कोणता?
3. तुमच्या वसाहतीतील कोणत्या प्रश्नावर चित्रपट व्हावा? दहा ओळी लिहा.