धुळ्याने पहिले व्यापारी कसे आणले?

"सर, आमच्याकडे गिऱ्हाईकच नाही, दुकान टाकू कसं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर शोधायला आपल्या धुळ्याचीच गोष्ट बघू.

१८१८ साली खान्देश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा होळकरी धामधूम, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढारी यांनी मुलूख उजाड झाला होता. कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. पांझरा नदी आणि पाटाच्या मधे अडकलेलं, मळ्यांनी वेढलेलं छोटं गाव. १८१९ मध्ये घरं ४०१, माणसं २,५०९. आज एखाद्या कॉलनीत याहून जास्त लोक राहतात!

आता क्रम नीट बघा. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्यांना मंजुरी घेतली, लांबून कारागीर आणले, २,७०० पौंड खर्च केले. कचेरी आली की माणसांची वर्दळ आलीच. व्यापाऱ्यांना बोलावून घरासाठी जागा दिली, तीही कायमची बिनभाड्याची. शिवाय पक्कं घर बांधायला उचल दिली, बाहेरून येणाऱ्यांना आणि जुन्या रहिवाशांनाही.

माझ्या मते खरी मेख या उचलीत आहे. ती माल भरायला नव्हती, घर बांधायला होती. माल संपला की व्यापारी गाडी जुंपून दुसऱ्या पेठेला जाईल. पक्कं घर बांधलेला सहसा हलत नाही. आणि जुन्यांनाही दिली, हे विसरू नका. आपण काय करतो? नव्या गिऱ्हाइकाला सूट, जुन्याला उधारीची आठवण!

हा काही धर्मादाय नव्हता हं, सरकारला महसूल हवाच होता.

वही काढा. १८६३ मध्ये वस्ती १०,०००. म्हणजे तिथवर जायला ४४ वर्षं लागली. १८७२ मध्ये माणसं १२,४८९, घरं २,६२०. माणसं पाचपट, घरं साडेसहापट. पुढे कापूस आणि जवसाच्या व्यापाराने पेठ आणखी वाढली.

तुमचं दुकान साक्रीला असो की भुसावळला, या आठवड्यात दोन रकाने आखा. गिऱ्हाईक एकदा यावं म्हणून काय देता? टिकावं म्हणून काय देता? शिलाई मशीनवर दोनशे रुपये कमी केले, ते पहिल्या रकान्यात. घरी जाऊन चालवायला शिकवलं, वर्षभर दुरुस्ती दिली, ते दुसऱ्यात.

उचल कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, ते पुढच्या व्हिडिओत.