लोगो झाला, आता तो मांडायचा कसा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ग्राफिक डिझाइनच्या क्लासमध्ये पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठकुठली सॉफ्टवेअर शिकवता?’ समोरून छापील यादी येते. यादी जितकी लांब, तितकी फी जास्त. त्या यादीत खोटं काही नसतं. पण मुलीला पुढे काम मिळेल की नाही, हे त्या यादीवरून अजिबात कळत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा: ‘तुमच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेला एखादा लोगो, क्लायंटला दाखवला तसा, बघायला मिळेल का?’ बऱ्याच ठिकाणी भिंतीवरची चकचकीत पोस्टरं दाखवतात. क्लायंटसमोर मांडलेलं काम फार थोड्या ठिकाणी निघतं.

सॉफ्टवेअरबद्दल आधी थोडक्यात, कारण त्या काळजीतच पालकांचा सगळा वेळ जातो. फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, म्हणून तो फार मोठा केला की फाटतो. व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये आकार बिंदू आणि वक्रांच्या गणिताने साठवलेला असतो. या वक्रांना रेनॉ मोटार कंपनीतले फ्रेंच इंजिनिअर पिएर बेझिए यांचं नाव आहे. गाडीच्या पत्र्याची वळणं नेमकी सांगता यावीत म्हणून त्यांनी ते वापरात आणले. आकार असा गणिताने साठवल्यामुळे रबरी शिक्क्यापासून होर्डिंगपर्यंत एकच फाईल चालते. ॲडोबी इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं, कोरल ड्रॉ १९८९ मध्ये आणि इंकस्केप २००३ मध्ये. आपल्याकडच्या छापखान्यांत आणि फ्लेक्सवाल्यांकडे कोरलचं राज्य आहे, जाहिरात संस्थांमध्ये इलस्ट्रेटरचं. इंकस्केप पूर्णपणे मोफत आहे आणि घरी शिकायला भरपूर पुरतं. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून घेण्याचं काहीच कारण नाही. पेन टूल एका ठिकाणी हातात बसलं की दुसरीकडे फक्त बटणं शोधावी लागतात.

आता मुद्द्याकडे येऊ. दोन विद्यार्थिनींनी सारख्याच तोडीचा लोगो केला आहे असं समजा. एकीने पाच पर्याय एकाच जेपीजीत चिकटवून व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, ‘सर, कुठला आवडला ते सांगा.’ दुसरीने आठ-दहा पानांची पीडीएफ केली, समोर बसून एकेक पान उलगडलं आणि प्रत्येक निर्णय का घेतला ते सांगितलं. पहिलीचा क्लायंट पाचही पर्याय घरच्या ग्रुपवर टाकतो. मग मेहुण्याला तिसऱ्याचा रंग आवडतो, मुलाला पहिल्याचं अक्षर आवडतं आणि शेवटी दोन्हींची खिचडी करून मागितली जाते. दुसरीचा क्लायंट एखाद-दुसरा बदल सुचवतो आणि छपाईच्या तारखेवर येतो. दोघींच्या हातातलं कौशल्य सारखंच आहे. मिळकत मात्र सारखी राहणार नाही.

मांडणीच्या या कलेचा नमुना म्हणून अनेक डिझाइन शाळांत सांगितली जाते ती डिझाइनर पॉल रँड यांची हकिगत. ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली आणि १९८६ मध्ये तिचा लोगो रँड यांच्याकडे सोपवला. आयबीएमचा लोगो रँड यांचाच. मोबदला ठरला एक लाख डॉलर. पर्याय किती देणार, या प्रश्नावर रँड यांचं म्हणणं होतं की उत्तर एकच मिळेल. वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लोगोबरोबर त्यांनी एक पुस्तिका केली होती आणि ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. तिच्यात लोगो पहिल्या पानावर येतच नाही. आधी कंपनीचं नाव वेगवेगळ्या टाइपांत दिसतं. इंग्रजीतली चारही अक्षरं कॅपिटल ठेवली तर थिएटरातल्या ‘एक्झिट’च्या पाटीशी गल्लत होते, म्हणून ‘ई’ तेवढी छोट्या लिपीत, हे पटवून दिलं जातं. मग काळा घन येतो, तो २८ अंशांत कललेला का ते येतं आणि नंतर रंग. वाचणारा लोगोपाशी पोचतो तेव्हा त्याचे बरेचसे आक्षेप वाटेतच मिटलेले असतात.

अर्थात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रँड यांचा ताठरपणा उचलू नये. तो अधिकार त्यांनी अनेक वर्षांच्या कामातून कमावला होता. दोन पर्याय दाखवा, फार तर तीन. पण प्रत्येक पर्याय पूर्ण विचार केलेला हवा आणि त्यांतला तुमचा स्वतःचा कौल कुणाला, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

प्रत्यक्ष बांधणी कशी करायची? समजा, कोल्हापूरकडच्या एका गूळ उत्पादकासाठी लोगो केला आहे: उसाचं पान आणि त्याखाली देवनागरीत नाव. इलस्ट्रेटरमध्ये प्रत्येक पानासाठी वेगळा आर्टबोर्ड घ्या. कोरलमध्ये पानं पूर्वीपासून आहेत, इंकस्केपमध्ये अनेक पानांची सोय १.२ या आवृत्तीपासून आली. सगळी पानं एकाच मापाची आणि आडवी ठेवा, म्हणजे लॅपटॉपवर भरून दिसतात.

पहिल्या पानावर क्लायंटचीच गरज त्याच्याच शब्दांत दोन ओळींत लिहा. ‘आमचा गूळ मुंबईच्या दुकानांत इतरांच्या गुळापासून वेगळा ओळखू यावा’ एवढं पुरे. पुढची सगळी चर्चा या वाक्याच्या कक्षेत राहते. नाहीतर ती ‘मला निळा आवडतो’वर घसरते.

दुसऱ्या पानावर लोगो, फक्त काळा, पांढऱ्यावर, आजूबाजूला भरपूर मोकळी जागा सोडून. विद्यार्थी इथेच बिचकतात. रंगाशिवाय लोगो उघडा वाटतो म्हणतात. तो उघडा वाटायलाच हवा. रंग दिसला की माणूस रंगावर बोलतो आणि आकाराची चूक झाकली जाते. शिवाय याच लोगोला पुढे बिलबुकावर एकाच रंगात छापायचंय, रबरी शिक्क्यावर उमटायचंय, टेम्पोच्या दारावर रेडियममध्ये कापून घ्यायचंय. काळ्यात जो टिकत नाही तो तिथे टिकणार नाही.

तिसरं पान मापाचं. तोच लोगो मोठा, मग निम्मा, मग त्याहून लहान, शेवटी सेंटिमीटरभर रुंदीचा. उसाच्या पानावरच्या बारीक शिरा इथे भरून येतात आणि काळा डाग दिसतो. मग लहान मापासाठी शिरा काढलेली सोपी आवृत्ती करावी लागते, आणि ती केली आहे हे याच पानावर दाखवायचं. हे पान पडद्यावर बघून भागत नाही. साध्या प्रिंटरवर छापून हातात द्या. इथे एक तांत्रिक सापळा आहे. रेषेची जाडी आकाराबरोबर कमी-जास्त होण्याची सोय बंद असेल, तर लोगो लहान केल्यावर रेषा तेवढीच जाड राहते आणि रूपच पालटतं. म्हणून शेवटच्या फाईलमध्ये सगळ्या रेषांचे भरीव आकार करून टाकायचे.

रंग यानंतर. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा केशरी चार रंगांच्या छपाईत तसा येत नाही, मंद पडतो. क्लायंटला हे छापून आल्यावर कळलं तर दोष डिझाइनरवर येतो, आधी सांगितलं तर तेच ज्ञान ठरतं. म्हणून रंगाच्या चौकटीखाली पडद्याचे आकडे आणि छपाईचे आकडे दोन्ही लिहा. गडद पार्श्वभूमीवर लोगो कसा दिसेल, तेही याच पानावर.

मग मॉकअप, म्हणजे वापरातला लोगो. हे पान सगळ्यांना सर्वांत आवडतं, आणि सर्वांत जास्त फसवाफसवीही इथेच चालते. नेटवर फुकट मिळणाऱ्या मॉकअपवर टाकला की कुठलाही लोगो देखणा दिसतो: चामड्यावर सोनेरी ठसा, परदेशी ऑफिसची काचेची भिंत. गुळाच्या खोक्याचं काय? क्लायंटच्या गोदामात जाऊन खऱ्या खोक्याचा, खऱ्या टेम्पोचा, दुकानाच्या खऱ्या पाटीचा फोटो काढा आणि त्यावर लोगो तिरका करून बसवा. तीन फोटो पुरतात. फोटो थोडा ओबडधोबड असला तरी मालकाला आपला टेम्पो ओळखू येतो आणि त्याचा चेहरा बदलतो.

लोगोभोवती वर्तुळं आणि तिरक्या रेषांची जाळी काढून ‘हे सगळं भूमितीतून आलं’ असं दाखवण्याची सध्या टूम आहे. बहुतेक वेळा ती जाळी लोगो झाल्यावर वरून चिकटवलेली असते. मला ती पानं कंटाळवाणी वाटतात आणि जाणकार परीक्षक ती क्षणात ओळखतो. जाळी खरोखर वापरली असेल तरच दाखवा.

मराठी नावांच्या लोगोला आणखी एक पथ्य आहे. इलस्ट्रेटरमध्ये योग्य कंपोझर निवडला नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला की ती जागेवर येतात. दुसरी अडचण फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर येते. तिथे तो फाँट नसतो आणि नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. म्हणून पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करायचे: कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाईल जपून ठेवा आणि नाव आधी क्लायंटकडून मोठ्याने वाचून घ्या.

बोलणं हा या सगळ्याचा अर्धा भाग आहे, आणि क्लासमध्ये तो जवळपास शिकवला जात नाही. रुपयाचं चिन्ह आठवा. खुल्या स्पर्धेत तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या होत्या. त्यांतून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पीएच.डी. केलेल्या डी. उदयकुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारलं. त्यांचं स्पष्टीकरण कुणालाही पुन्हा सांगता येईल असं होतं: देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकत्र, वर शिरोरेखा, दोन आडव्या रेषांतून तिरंग्याचा आणि बरोबरीच्या खुणेचा भास. आपल्या लोगोबद्दल असं सांगता येतं का, ते तपासा. गूळवाल्यासमोर ‘मिनिमल’, ‘मॉडर्न’ हे शब्द कामाचे नाहीत. ‘लांबून पान दिसतं, जवळून नाव वाचता येतं’ हे त्याला कळतं आणि तो ते आपल्या दुकानदारांना सांगतो. या सरावासाठी पालकांचा चांगला उपयोग होतो. जेवणानंतर क्लायंट होऊन समोर बसा, मुलीला पाच मिनिटं बोलू द्या, मध्ये तोडू नका. शेवटी फक्त विचारा, ‘हे असंच का?’

शिक्षणाच्या वाटा बहुतेकांना ऐकून माहीत असतात. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या बीएफएसाठी राज्य सीईटी कक्षाची एएसी सीईटी असते, सर जे. जे. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथल्या सूचना स्वतंत्रपणे पाहाव्यात. बारावी कुठल्याही शाखेतून केलेल्यांना यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिच्यात हाताने रेखाटनाचाही भाग असतो. अहमदाबादच्या एनआयडीची डॅट वेगळी. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी देववतात आणि विसरून जातात. अक्षरलेखनाचा आणि संकल्पचित्राचा तोच सराव पुढे पेन टूलवर उपयोगी पडतो.

‘एआय आल्यावर हे काम राहणार का?’ असं पालक हल्ली हमखास विचारतात. दहा लोगो क्लायंट आता स्वतःच काढून घेतो, हे खरं आहे. पण त्यांतली बरीच चित्रं ठिपक्यांची असतात, आणि व्हेक्टर असली तरी त्यांत नको तिथे शेकडो बिंदू विखुरलेले असतात. आठ बिंदूंत बसणारं पान साठ बिंदूंनी काढलेलं असतं. मुख्य म्हणजे दहांतला कुठला आणि का, हे त्याला कुणी सांगत नाही. नुसता लोगो काढून देण्याचे पैसे घटणार, यात मला शंका नाही. नुसत्या लोगोवर पोट चालवणारे तसेही मोजकेच आहेत. पॅकेजिंग, पाट्या, पुस्तकं, ॲपचे पडदे या सगळ्या कामांत लोगो हा एक तुकडा असतो. मांडणी येणाऱ्याला पुढचे तुकडेही मिळत जातात.

काम मंजूर झालं की फाईलींचं फोल्डर द्यायचं: मूळ फाईल, कर्व्ह केलेली पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, व्हॉट्सॲपसाठी पारदर्शक पीएनजी, आणि प्रत्येकाची रंगीत, काळी व उलटी आवृत्ती. मांडणीच्या पीडीएफच्या आधी अर्धे पैसे आणि फोल्डरच्या आधी उरलेले, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं.

या सुट्टीत महागड्या क्लासला नाव घालण्याआधी एक करून बघता येईल. मुलीने केलेला एखादा लोगो पेन ड्राइव्हवर घेऊन तिला जवळच्या रेडियमवाल्याकडे पाठवा आणि हातभर रुंदीचा कापून आणायला सांगा. कटरची ब्लेड आकारांच्या पोटातून आडवी फिरली, तर आकार नुसते एकमेकांवर ठेवलेत, वेल्ड करून एकजीव केलेले नाहीत. कडा दातऱ्या आल्या, तर बिंदू फाजील आहेत. दोन्ही दोष तो दुकानदार पडद्यावर बोट ठेवून दाखवतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.