उत्प्रेरक : पुन्हा हाती येणारे भांडवल

बाजारात घेणारा व विकणारा यांना एकत्र आणणारा दलाल असतो. सौदा जुळला की तो दुसऱ्या सौद्यास मोकळा होतो. रसायनशास्त्रातही असाच एक मध्यस्थ आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली त्याची कल्पना मांडली. आपण त्यास उत्प्रेरक म्हणतो. तो दोन द्रव्यांचा संयोग त्वरेने घडवितो. स्वतः मात्र त्यात खर्ची पडत नाही.

मग जी वस्तू खर्चत नाही, ती वारंवार नवी का घ्यावी लागते? कारण सरळ आहे. पुष्कळ उत्प्रेरक द्रावणात विरघळलेले असतात. दलाल गर्दीत मिसळला की शोधणे कठीण, तसेच हे आहे. पॅलेडियमसारखा महाग धातू सांडपाण्याबरोबर जातो. औषधात त्याचा अंश राहिल्यास ते शुद्ध करण्याचा खर्च निराळा.

शेल्डन नामक रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ साली याचा हिशेब मांडला. एक किलो माल तयार होताना टाकाऊ किती निघते? मोठ्या प्रमाणावरील रसायनांत साधारण पाच किलोपर्यंत. औषधांत मात्र पंचवीस ते शंभर किलो, प्रसंगी त्याहूनही अधिक! ज्या उद्योगाचे मोल एवढे मोठे, त्यात हाही भार मोठाच.

उपाय असा की, दलालास पेढीवर बसवावे. धातूचे अतिसूक्ष्म कण कोळसा, सिलिका, ॲल्युमिना अशा सच्छिद्र घन पदार्थांवर पक्के बसवितात. काम झाले की गाळावे, धुवावे व पुन्हा योजावे. आपल्या परिचयाचे उदाहरण वनस्पती तुपाचे आहे. निकेलच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीबद्दल फ्रान्सचे साबात्ये यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीचे नॉर्मन यांनी ती द्रवरूप तेलांस लागू केली. सच्छिद्र मातीवर बसविलेले निकेल तेलातून गाळून घेऊन पुन्हा वापरण्याची रीत या धंद्यात रुजली. पुढे या तुपातील ट्रान्स मेदाचे दोष कळले आणि २०२२ पासून भारतात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली. परंतु गाळून परत मिळविण्याचा धडा खोटा ठरला नाही.

येथे कच्च्या हिशेबालाही वाव आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो. ‘पाच वेळा वापरला’ एवढ्याने माल खरा ठरत नाही. कधी धातू आधार सोडून द्रावणात उतरतो, तेथे काम करतो आणि थंड होताच परत चिकटतो. म्हणून क्रिया अर्ध्यावर असताना द्रावण गरम असतानाच गाळून पाहतात. गाळलेल्या द्रावणात क्रिया पुढे चालूच राहिली, तर दलाल पेढी सोडून गेला होता हे उघड होते. शिवाय वेळ भरपूर दिल्यास दुबळा उत्प्रेरकही शेवटी पूर्ण माल देतो. त्यामुळे आरंभीचा वेगच मोजावा लागतो.

आपल्या शास्त्रांनी गृहस्थास अल्पारंभाचा, म्हणजे कमीत कमी हिंसेच्या उद्योगाचा मार्ग दाखविला आहे. नाल्यात सोडलेल्या विषाने जलचर मरतात, तेव्हा ती हिंसा कोणाच्या खात्यावर लिहावयाची? आपल्या घरचे तरुण रसायनांच्या धंद्यात उतरतील, तर त्यांनी नफ्याबरोबर हेही विचारावे : उत्प्रेरक किती परत आला आणि पाण्यात किती गेला? या दोन रकमा जुळल्याखेरीज वही मिटू नये.