दंतक्षयाचे मोजमाप

क्लाइन, पामर व नट्सन यांनी १९३८ साली अमेरिकेतील हॅगर्सटाउन येथील शाळकरी मुलांच्या दातांची पाहणी प्रसिद्ध केली. किडलेले, किडीमुळे गमावलेले व भरलेले अशा कायमच्या दातांची बेरीज करून त्यांनी दंतक्षयाचा निर्देशांक काढला. ही रीत पुढे जगभर रूढ झाली. परंतु नुसत्या बेरजेवर विसंबणे धोक्याचे असते. एका मुलाचे ४ दात भरलेले आणि दुसऱ्याचे ४ किडलेले असले, तरी दोघांचा आकडा सारखाच येतो. उपचाराची निकड असते ती दुसऱ्यालाच. म्हणून किती दंतवैद्य लागतील हे ठरविताना तिन्ही घटक वेगवेगळे पाहावे लागतात. गमावलेला दात तर अधिकच फसवा. तो किडीने गेला की अपघाताने, हे रिकाम्या जागेवरून नेहमीच सांगता येत नाही.