मशीन कुठली घेऊ? ऑपरेटरला विचारा, पण नीट विचारा



"सर, बॅकहो घ्यायचीय. जेसीबी घेऊ, केस घेऊ की महिंद्रा?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीतला असतो, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला. घरचे पैसे द्यायला तयार असतात, आणि ते पैसे म्हणजे गावची जमीन नाहीतर आईचं सोनं. म्हणून उत्तरात फक्त ब्रँडचं नाव सांगून मी मोकळा होत नाही. आज हाच विषय सविस्तर घेऊ: ऑपरेटरचं मत कसं घ्यायचं, हिशोब कसा मांडायचा आणि मशीन घेण्याआधी एक वर्ष अप्रेंटिसशिप करणं का फायद्याचं आहे.

1. नावाची जादू समजून घ्या

आपल्याकडे कुठलीही पिवळी बॅकहो दिसली की लोक म्हणतात "जेसीबी आली". खरं तर जेसीबी ही कंपनी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने 1945 मध्ये ती सुरू केली, आणि त्याच्याच नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. भारतात कंपनी 1979 मध्ये आली, हरियाणात बल्लभगडला. मोठ्या एक्स्कॅव्हेटरचं तसंच. त्याला आपण सर्रास "पोकलेन" म्हणतो, पण पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव. आता साइटवर उभ्या "पोकलेन"वर नाव असतं टाटा हिताची, कोमात्सु, ह्युंदाई नाहीतर सॅनी.

यातून धंद्याची गोष्ट काय शिकायची? ब्रँडचं नाव जेव्हा वस्तूचं नाव बनतं, तेव्हा त्या मशीनला ऑपरेटर पटकन मिळतो, पार्ट गल्लीतल्या दुकानातही मिळतो आणि विकताना गिऱ्हाईक मिळतं. हा फायदा खरा आहे. पण लोकांच्या तोंडी असलेलं नाव तुमच्या साइटला मेकॅनिक पाठवत नाही. तो पाठवतो डीलर. त्यामुळे ब्रँडइतकीच डीलरचीही चौकशी करा.

2. ऑपरेटरला काय कळतं, काय नाही

माझं दुकान साकीविहार रोडला, हायड्रॉलिक होज, सील किट, फिल्टर असा माल. मेट्रो 6 चं काम जेव्हीएलआरवर सुरू झाल्यापासून काउंटरवर ऑपरेटर, हेल्पर, मेकॅनिक सगळेच येतात. चहा होतो, गप्पा होतात. त्यांचं ऐकून एक गोष्ट पक्की कळली: ऑपरेटरचं मत सोन्यासारखं आहे, फक्त ते कशाबद्दलचं आहे ते ओळखता आलं पाहिजे.

ऑपरेटर दिवसाचे दहा तास सीटवर काढतो. लिव्हर हलका आहे की जड, मागचं बकेट कोपऱ्यात नीट दिसतं का, केबिन तापते का, खडक लागला की मशीन दम टाकते का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कंपनीचा सेल्समन कितीही गोड बोलो, याबाबत ऑपरेटरचंच ऐका.

पण डिझेल मालक भरतो, हप्ताही मालकच भरतो. त्यामुळे तासाला किती लिटर लागतं हे ऑपरेटर अंदाजाने सांगतो. आणि माणूस ज्या मशीनवर हात बसवून शिकला, तीच त्याला आयुष्यभर चांगली वाटते. त्यात त्याची चूक नाही. आपल्याला आपली पहिली बाईक वाटते, तसंच ते.

म्हणून नियम असा: आरामाचं आणि ताकदीचं ऑपरेटरला विचारा, डिझेलचं आणि विक्रीच्या किमतीचं मालकाला, बिघाडाचं आणि पार्टचं मेकॅनिकला. तिघांची उत्तरं जुळली तर ती गोष्ट खरी धरा.

3. "कुठली चांगली?" हा प्रश्न विचारू नका

या प्रश्नाला प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं, त्यातून हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी हे पाच विचारा:

1. मशीन शेवटची कधी उभी राहिली? किती तासांनी माणूस आला?
2. कुठला पार्ट सगळ्यात जास्त वेळा बदलला? तो मुंबईत मिळाला की बाहेरून मागवावा लागला?
3. आवर मीटर किती झालंय आणि पिन-बुश किती तासांना बदलले?
4. ही मशीन कुठल्या कामाला वापरता? माती, खडक, की ब्रेकर लावून तोडफोड?
5. ही मशीन सोडून दुसरीवर जायचं झालं तर काय चुकल्यासारखं वाटेल?

चौथा प्रश्न विसरू नका. मातीत खूश असलेली मशीन ब्रेकरच्या कामात तेवढीच खूश असेल असं नाही. पवई-चांदिवलीच्या टेकाडात खोदाई करणाऱ्याचं मत वसईच्या भरावाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

नवीन मशीन घेणार असाल तर आणखी एक. 1 जानेवारी 2025 पासून बांधकाम मशीनना सीईव्ही स्टेज 5 हे प्रदूषणाचे नियम लागले. इंजिनात सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. आधी जो बिघाड ओळखीचा मिस्त्री पाना घेऊन काढायचा, त्याला आता बऱ्याचदा लॅपटॉप जोडावा लागतो. त्यामुळे दहा वर्षं जुनी मशीन चालवणाऱ्याचं मत नव्या मॉडेलला लावताना जरा थांबा.

4. आता कागद-पेन घ्या

आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही टाका.

मशीन 35 लाख. स्वतःचे 7 लाख, कर्ज 28 लाख, 4 वर्षं, व्याज 11 टक्के. हप्ता येतो सुमारे 72,400 रुपये. ऑपरेटर आणि हेल्परचा पगार 34,000. विमा, सर्व्हिस, टायर, किरकोळ दुरुस्ती मिळून 23,600. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च 1,30,000 रुपये.

भाडं तासाला 1,100 धरू. त्यातून डिझेल 5 लिटर, म्हणजे साधारण 450 रुपये गेले. हातात उरले 650.

1,30,000 भागिले 650 = 200 तास. म्हणजे महिन्याचे 25 दिवस, रोज 8 तास काम मिळालं तर तुम्ही शून्यावर. नफा 201 व्या तासापासून.

पण पावसाळ्याचं काय? मुंबईत त्या काळात रस्त्यांची खोदाई जवळपास बंद असते. चार महिने काम मिळालं नाही असं धरा. हप्ता आणि पगार चालूच. वर्षाचा खर्च 15,60,000, त्याला लागतात 2,400 तास, आणि हातात महिने आठ. महिन्याला 300 तास, म्हणजे 25 दिवस रोज 12 तास!

आता वरचा पहिला प्रश्न परत वाचा. आठ तासांचा एक दिवस मशीन उभी राहिली की 5,200 रुपये गेले, दुरुस्तीचा खर्च वेगळा. चार दिवस पार्टची वाट बघितली तर 20,800. ब्रँडवरून वाद घालणारे हा आकडा कधी मांडत नाहीत.

5. एक वर्ष शिका, तेही पैसे मिळवत

हे तास तुम्हाला मिळतील का, याचं उत्तर घरी बसून मिळत नाही. त्यासाठी धंद्याच्या आत शिरायला हवं, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप.

आपल्याकडे अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे मोठ्या डीलरच्या वर्कशॉपला तुमची गरज असते, तुम्ही उपकार मागायला जात नाही. डिझेल मेकॅनिक ट्रेडचा आयटीआय झाला असेल तर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा. डिप्लोमा किंवा डिग्री असेल तर नॅट्स ही वेगळी योजना आहे. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 रुपये ठरलं होतं. हे आकडे सुधारले जातात, म्हणून अर्ज करताना पोर्टलवर ताजे बघा.

"एवढ्यात काय होतं सर?" असं काही जण म्हणतात. पगार म्हणून बघितलं तर कमीच आहे. पण त्या वर्षात तुम्हाला काय दिसतं ते बघा: कुठल्या मॉडेलची कुठली तक्रार परत परत येते, कुठला पार्ट संपतो, कुठला मालक बिल वेळेवर देतो आणि कुठला फिरवतो. ही माहिती कुठल्याच कोर्समध्ये विकत मिळत नाही. आणि वर्षभरानंतर कदाचित कळेल की तुम्हाला मशीन घ्यायचीच नाहीये. फिल्ड सर्व्हिस किंवा होज क्रिम्पिंगचं दुकान बॅकहोच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात उभं राहतं, आणि पावसाळ्यात मशीन उभ्या असतात तेव्हाच मालक दुरुस्ती काढतात.

पुढे तुमचं युनिट 4 माणसांचं झालं की तुम्हीही अप्रेंटिस घेऊ शकता. राष्ट्रीय योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा उचलतं. फक्त तो शिकाऊ आहे, स्वस्तातला हेल्पर नाही हे लक्षात ठेवा. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुमची.

6. पवईतलंच उदाहरण

जेव्हीएलआरवरून जाताना एल अँड टीचा कॅम्पस रोज दिसतो. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरनी 1938 मध्ये मुंबईत सुरुवात केली, तेव्हा ऑफिस इतकं लहान होतं की एका वेळी दोघांपैकी एकच बसू शकायचा. महायुद्धात डेन्मार्कहून माल येणं थांबलं, तेव्हा त्यांनी छोटं वर्कशॉप काढून दुरुस्ती आणि सर्व्हिसची कामं घेतली. 1945 मध्ये कॅटरपिलरच्या मशीन विकण्याचा करार केला. युद्धानंतर उरलेल्या मशीन चांगल्या भावात मिळत होत्या, पण तेवढे पैसे दोघांकडे नव्हते. मग बाहेरून भांडवल उभं केलं आणि 7 फेब्रुवारी 1946 ला कंपनी स्थापन झाली. पवईची दलदल आणि जंगल असलेली 55 एकर जागा त्यानंतर आली, 1948 मध्ये.

क्रम बघा: आधी सर्व्हिस, मग विक्री, मग भागीदारांचं भांडवल, आणि शेवटी जागा. आपल्यातले बरेच जण हाच क्रम उलटा करतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन ऑपरेटर, दोन मालक आणि एक मेकॅनिक गाठा. वरचे पाच प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा. मग चौथ्या मुद्द्यातला हिशोब तुमच्या भागातल्या भाड्याने मांडा. तुमचे तास किती आले ते कमेंटमध्ये कळवा. आकडा 300 च्या वर गेला, तर जमिनीच्या कागदांना हात लावण्याआधी अप्रेंटिसशिपचा फॉर्म भरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे: बिल थकवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून पैसे कसे काढायचे.