तुटलं तर काय होईल, ते आधी बघ

चि. सोन्यास,


भोसरीत गाळा भाड्यानं घेऊन तू जुना लेथ बसवलास आणि येझदी-बुलेटवाल्यांना हवे तसे पार्ट करून द्यायला लागलास, हे ताईकडून कळलं. तिला काळजी वाटते आहे. मला मात्र आनंद झाला. एका लेथवर सुरू झालेली दुकानं पुढं शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेलेली मी आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात राहून पाहिली आहेत. शिवाय येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, त्या तुझ्यासारख्या कारागिरांच्या जिवावर. तेव्हा हा नाद सोड, असं मी सांगणार नाही. कुठला पार्ट आज करायचा आणि कुठल्या पार्टाला अजून काही वर्षं हात लावायचा नाही, एवढंच सांगायचं आहे.

गिऱ्हाईक नमुना घेऊन आलं की आधी माप घेऊ नकोस. आधी स्वतःला विचार, हा पार्ट ऐंशीच्या वेगात तुटला तर काय होईल? साइड पॅनेलचा बुश, बॅटरीची पट्टी, मीटरची कडी, नंबरप्लेटचा पत्रा तुटला तर खडखड होईल, गाडी बाजूला घेऊन तो काढून ठेवता येईल. असली कामं खुशाल कर, त्यावरच हात बसतो. फूटरेस्ट तुटला तर माणसाचा तोल जातो. आणि अ‍ॅक्सल, हँडलचे क्लॅम्प, फोर्क धरणारा योक, ब्रेकप्लेट अडवून धरणारी पट्टी यांतलं काही तुटलं तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. ही शेवटची कामं तू अजून घेऊ नकोस. पैसे कितीही मिळोत, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोवरचा सिनेमा तू पाहिला असशील. इन्व्हरकारगिलसारख्या गावात, आपल्या शेडमध्ये, त्यानं १९२० च्या इंडियन स्काउट मोटारसायकलसाठी पिस्टन स्वतः ओतले, ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलमधून कनेक्टिंग रॉड हातानं घडवले. ६०० सीसीचं इंजिन साडेनऊशेच्या घरात नेलं आणि १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १८४ मैलांचा विक्रम केला. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच्या शेडमध्ये एक फळी होती, मोडलेल्या-फाटलेल्या पार्टांनी भरलेली, ती तू विसरू नकोस. त्याचे पार्ट पुष्कळदा तुटले. तो मोकळ्या मैदानावर एकटा होता, मागं-पुढं कोणी नव्हतं. तुझं गिऱ्हाईक बायकोला मागं बसवून खंबाटकी घाट उतरणार आहे.

आता तुझ्या त्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटबद्दल, ज्याचे फोटो ताईनं मला पाठवले. फिनिश उत्तम आहे, आरशासारखं. पण जिथं प्लेट संपून पिन सुरू होते, तिथला आतला कोपरा तू काटकोनात, धारदार ठेवला आहेस आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपलं नाव कोरलं आहेस. तो ब्रॅकेट तिथंच तुटेल. एकदा पाय ठेवला म्हणून नाही, एकाच भारानं तर तो तुटणारच नाही. पण खड्डा, गतिरोधक, इंजिनाची थरथर असे लाखो छोटे भार त्या एका रेषेवर जमा होतात. तिथं बारीक चीर पडते, रोज थोडी पुढं सरकते आणि एक दिवस उरलेला भाग एकदम जातो. तुटलेल्या तोंडाकडे कधी नीट बघ: अर्धा भाग गुळगुळीत, काळपट, शिंपल्यासारख्या रेघांचा असतो, आणि उरलेला ताजा, खरबरीत. गुळगुळीत भाग म्हणजे महिनोन्‌महिने चाललेली चीर. जर्मनीत ऑगस्ट व्होलरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर हेच तपासलं होतं, आणि आपण आजही त्याच ज्ञानावर काम करतो. पोलादाला एक मर्यादा असते, भार तिच्या खाली राहिला तर ते बहुधा वर्षानुवर्षं टिकतं. अ‍ॅल्युमिनिअमला तशी मर्यादाच नाही. त्याच्यावर थोडा थोडा भार पडत राहिला तरी कधी ना कधी ते थकतं.

म्हणून आतल्या प्रत्येक कोपऱ्याला गोलाई दे. दोन-तीन मिलिमीटरची गोलाई जितकं आयुष्य वाढवते, तितकं जाडी वाढवून वाढत नाही. लेथवर टूलचं टोक गोल घासून घे. कानशीचे आडवे ओरखडे भाराच्या जागी राहू देऊ नकोस, शेवटचे हात पार्टाच्या लांबीच्या दिशेनं मार. नाव कोरायचंच असेल तर जिथं ताण नाही अशा जागी कोर.

माल विकत घेताना भंगारातला शाफ्ट स्वस्त मिळतो. भंगाराला वाईट म्हणत नाही, पण तो ईएन-८ आहे, ईएन-२४ आहे की साधं एमएस, हे ग्राइंडरवरच्या ठिणग्या बघून नक्की सांगता येत नाही. भार घेणाऱ्या पार्टासाठी दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट असलेलाच बार घे आणि गाळ्यात आणल्यावर प्रकार ओळखता यावा म्हणून बारच्या टोकाला रंग लावून ठेव. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनिअम वेल्ड करून पार्ट करशील तर एवढं लक्षात ठेव की शिवणीलगतच्या पट्ट्यात त्याची ताकद जवळजवळ अर्ध्यावर येते, कारण टी६ ही ताकद उष्णतेच्या प्रक्रियेनं आलेली असते आणि वेल्डिंगची उष्णता ती घालवते. जमेल तिथं एका तुकड्यातून मिलिंग कर.

बोल्टांचंही तसंच. पोरांना सगळे बोल्ट स्टेनलेसचे हवे असतात, चकाकतात म्हणून. बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ च्या काळ्या बोल्टापेक्षा कमजोर असतो. ब्रेकच्या, अ‍ॅक्सलच्या जवळपास तो लावू नकोस. १२.९ चा अ‍ॅलन बोल्ट साध्या झिंक प्लेटिंगला कधी देऊ नकोस. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि नंतर काही तासांच्या आत भट्टीत २०० अंशांच्या आसपास पुरेसा वेळ ठेवलं नाही तर आवळल्यावर एक-दोन दिवसांनी बोल्टाचं डोकं आपोआप उडू शकतं. जुन्या बुलेटवर काम करताना पिच गेजशिवाय टॅप हातात घेऊ नकोस. तिच्यात इंग्लंडचे जुने आटे आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळं एम८ चा बोल्ट त्या भोकात एक-दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि माणूस पाना लावून जोर देतो. एम८ चा पिच १.२५, तिथला पिच वेगळा. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनिअमचे आटे तिथल्या तिथं खलास.

एक काम मात्र मुद्दाम शिकून घे: चाकाच्या दोन बेअरिंगांमधली नळी. जुन्या गाड्यांत ती गंजलेली, दबलेली, कधी कधी गायबच असते, आणि कोणी विचारतही नाही. अ‍ॅक्सलचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगांच्या आतल्या रिंगांवरून त्या नळीवर जातो. नळी आखूड असली तर दोन्ही रिंगा आत ओढल्या जातात, गोळ्या बाजूनं चिरडल्या जातात, बेअरिंग तापतं आणि नवं घातलेलंही थोड्याच दिवसांत आवाज करू लागतं. लोक बेअरिंगच्या कंपनीला शिव्या देतात. नळी दोन्ही सीटमधल्या अंतराइतकीच किंवा केसभर जास्त हवी, कमी कधीच नको, आणि तिची दोन्ही तोंडं समांतर हवीत. सीटचा व्यास मोजताना वर्निअरवर विसंबू नकोस. समज ६२०३ बेअरिंग आहे, बाहेरचा व्यास ४० मिमी. चाकात फिरते ती बाहेरची रिंग, म्हणून सीट दोन-तीन शतांश मिलिमीटरनं घट्ट लागते. तुझा वर्निअर दाखवतो ते सगळ्यात बारीक माप ०.०२, म्हणजे फरक आणि मोजण्याची चूक एकाच मापाची झाली. बोअर गेज आणि मायक्रोमीटर घे. नवीन टूलपोस्टच्या आधी ते घे.

कायद्याचंही भान ठेव: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. आरसीवर लिहिलेल्या तपशिलात बदल होईल असं काम परवानगीशिवाय केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर करून देऊ नकोस. त्यात कारागिरी काहीच नाही आणि गल्लीतल्या आजारी माणसाला त्रास.

गाळ्यातल्या शिस्तीचं तुला वर्कशॉपमध्ये शिकवलं असेलच, तरी तीन गोष्टी. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या पार्टाला वेल्डिंग करायचं नाही, त्यातून विषारी वायू तयार होतो. आणि पेट्रोलची टाकी रिकामी, धुतलेली, महिनाभर उन्हात ठेवलेली असली तरी तिला टॉर्च लावायचा नाही. टाकीचं काम त्यातल्या जाणकाराकडेच पाठवायचं.

आता शेवटचं: फूटरेस्टचे ते ब्रॅकेट कोणाकोणाला विकलेस त्याची यादी काढ, एकेकाला फोन कर आणि परत मागव. कोपऱ्याला गोलाई देऊन नवे करून दे, पैसे घेऊ नकोस. मालाचा खर्च मी पाठवतो. हे या आठवड्यातच कर.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा