टॅबलेटवर सूर लावताना

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, सिडको वसाहतीत मी पेटी आणि कीबोर्ड शिकवतो, एकादशीला भजनाच्या साथीला बसतो आणि गाण्यांचे ट्रॅक टॅबलेटवरच तयार करतो. पालक मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, "सर, याला टॅब घेऊन दिलाय, कुठलं ॲप टाकू?" त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

१. आधी सा, मग ॲप

बहुतेक ॲप उघडतात ती पांढरी एकमध्ये. पोरं त्याच पट्टीत सुरू करतात आणि मग गाणारा ओढाताण करतो. पुरुषाचा गळा साधारण काळी एक-दोनला रमतो, बाईचा काळी चार-पाचला. म्हणून तंबोऱ्याचं ॲप लावा, गाणाऱ्याला त्यात थोडा वेळ गाऊ द्या, पट्टी पक्की करा आणि मगच ट्रॅक उघडा. गायक पं. नाथराव नेरळकरांनी आमच्या ज्या शहरात शिष्य घडवले, तिथल्या मुलांना सा कुणा परक्या कारखान्याने ठरवून द्यावा, हे मला पटत नाही.

ॲप कुठलं, तर आयपॅड असेल तर गॅरेजबँड पुरे आहे; ते फुकट आहे. अँड्रॉइडवर बँडलॅब फुकट मिळतं, एफएल स्टुडिओ मोबाइल विकत. एक घ्या आणि वर्षभर तेच वाजवा.

२. गंधाराकडे कान द्या

तंबोरा नीट लागला की त्यातून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो. त्याच वेळी सिंथवरचा गंधार दाबून धरा. दोन्ही एकमेकांवर घासतात, आवाजात लाटा उठतात. कारण सिंथचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, प्रत्येकाला एक सेंट म्हटलं, तर सिंथचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो आणि तंबोऱ्याचा साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक तयार कानाला टोचतो. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. पेटीवरचा जुना आक्षेप याच जातीचा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक होतं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या अभ्यासासाठी मुद्दाम श्रुतींची पेटी घडवून घ्यावी लागली होती. आज ऑडिओकिटचा सिंथ वन हा फुकट सिंथ आयपॅडवर उतरवला की सुरांच्या अंतरांचं कोष्टक बदलता येतं. देवलांना जे करायला एवढी यातायात करावी लागली, ते आठवीतलं पोर बोटाने करतं. ही सोय वापरलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. यमनचा गंधार एकदा बरोबर ऐकला की कान पुन्हा तडजोड करत नाही.

३. ताल चौकटीत बसत नसेल तर चौकट मोजून घ्या

गॅरेजबँड आयपॅडवर चार, तीन आणि सहाचेच माप देतं. केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे, ते चारात सरळ बसतात. दादऱ्याला सहा चालतात. रूपक सात, झपताल दहा, तिथे मुलं अडतात. हिशेब सोपा आहे. चारच्या मापात पाच घरं घेतली की वीस मात्रा, म्हणजे झपतालाची दोन आवर्तनं. सात घरं घेतली की अठ्ठावीस, म्हणजे रूपकाची चार. तेवढा विभाग करा, ॲपची टिकटिक बंद करा, कारण ती दर चौथ्या मात्रेवर ठोसा देते, आणि समेवर एक टाळ स्वतः वाजवून ठेवा. त्या टाळावर बाकी सगळं उभं राहतं.

४. काचेवर मींड निघते

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पेटीला मींड नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची. काचेवर बोट सरकतं. गॅरेजबँडच्या कीबोर्डला बोट सरकवून सूर ओढायची सोय आहे, मूगच्या ॲनिमूगलाही आहे, आणि जिओश्रेड तर त्यासाठीच बनलंय. महेश राघवन जिओश्रेडवर कर्नाटक संगीत वाजवतात ते ऐका. टॅबलेट हे वाद्य आहे की नाही, हा वाद तिथे मिटतो.

एक प्रयोग घरी करा. कुठलाही सिंथ घ्या. साधी, गोल लाट निवडा, म्हणजे साइन. आवाज एका वेळी एकच ठेवा, सूर घसरण्याचं बटण म्हणजे ग्लाइड थोडं चढवा. सुरुवात झटक्यात, टिकाव शून्य, विरणं अर्ध्या सेकंदाचं. आता खर्जातली पट्टी दाबून न सोडता तिच्यावरची तिसरी-चौथी पट्टी दाबा. डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर 'घे' जसा वर चढतो, तसा आवाज येतो. ग्लाइड कमी केलं की घाव कोरडा, वाढवलं की घिस्सा लांब. माझ्या विद्यार्थ्यांना सिंथ समजला तो या एका आवाजावरून. जाडजूड पुस्तिका नंतर.

५. ब्लूटूथचे कानातले वाजवताना नकोत

आवाज हवेत दहा मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. म्हणजे तबलजी तेवढ्या अंतरावर बसला तरी आपण साथ करतोच. ब्लूटूथमध्ये मात्र उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा होऊ शकतो. लय १२० असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि चौगुनीतला एक बोल १२५ चा. अख्खा बोल मागे पडतो. वायरचे हेडफोन घ्या आणि ॲपच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर बफर २५६ च्या आसपास ठेवा. ट्रॅकवर इफेक्ट फार झाले आणि आवाज तडतडू लागला, तर मिक्स करताना तोच बफर १०२४ करा.

६. ऊन आणि चार्जर

आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर, मांडवात टॅब उन्हात ठेवू नका. रेकॉर्डिंग पहाटे करा; पंखा बंद ठेवणंही तेव्हाच जमतं. गुणगुण ऐकू आली तर आधी चार्जर काढून पाहा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, बॅटरीवर केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ येतं.

७. एको जपून

आपल्या मांडवांत साउंडवाल्याला पहिली सूचना असते, "एको वाढव." अभंगाला ते मारक आहे. अभंगात शब्द कळले नाहीत तर उरतं काय? चांगली घुमणूक कशी असते, हे ऐकायला वेरूळला दहाव्या लेण्यात जा, मंगळवार सोडून. हे चैत्यगृह, लोक त्याला सुतार झोपडी म्हणतात. वरची कमान आणि तिच्या दगडी फासळ्या पाहा, हलकासा सा लावा. सूर मागे रेंगाळतो, आपला मूळ आवाज मात्र पुढेच राहतो. ॲपमध्ये तेच करायचं. रिव्हर्बची सुरुवात तीस-चाळीस मिलिसेकंद उशिरा ठेवा, त्यातले खर्जाचे घुमे कापा, आणि गाणाऱ्याचा शब्द ऐकू येईल एवढंच मिसळा. एको म्हणजे डिले हवाच असेल तर ६०,००० ला लयीने भागा. १२० च्या लयीत ५०० मिलिसेकंद. तो मात्रेवर पडतो आणि टाळाशी भांडत नाही.

८. ॲप जातात, फाइल राहते

२०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि जुनी ३२-बिट ॲप उघडेनाशी झाली. त्याआधी ॲपलने कॅमल ऑडिओ ही कंपनी घेतली आणि तिचा अल्केमी सिंथ दुकानातून गेला. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा, वॅव्ह स्वरूपात काढून दुसरीकडे साठवा. प्रोजेक्ट फाइलवर विसंबू नका.

९. आपल्या भागातली वाद्यं आत आणा

तयार आवाजांच्या पेटाऱ्यात तबला आणि सितार हमखास मिळतात. संबळ, दिमडी, हलगी, तुणतुणं शोधावं लागतं, आणि सापडलं तरी त्यात मराठवाड्यातल्या गोंधळ्याचा हात नसतो. कोआला सॅम्पलर आयपॅडवर आणि अँड्रॉइडवर दोन्हीकडे चालतं. टॅबच्या माइकने एकेक घाव रेकॉर्ड करून बोटाखाली मांडता येतो. ज्यांच्याकडे वाद्य आहे त्यांच्याकडे जा. परवानगी घ्या, मानधन आधी हातात द्या, गाण्यावर त्यांचं नाव लिहा, आणि वॅव्ह फाइलची एक प्रत त्यांच्या मुलांच्या मोबाइलवर टाकून या. सुट्टी लागली की टॅब घेऊन निघा. वाजवणारी पिढी म्हातारी होत चालली आहे.